चारठाणा ते राणीसावरगाव, पन्नास मिनिटं

१

राणीसावरगावहून येणारी सकाळची गाडी त्या दिवशी आमच्या गंगाखेडच्या स्टँडात नऊ वाजून सहा मिनिटांनी शिरली. वेळ नऊ-पाचची. मी कंट्रोलरच्या खिडकीत घड्याळाकडे बघत उभा होतो. एकवीस वर्षं दुसरं काही केलेलंच नाही. भगवानराव ड्रायव्हरने गाडी फलाटाला लावलीच नाही. मधेच उभी केली आणि उतरून धावत आला.

"साहेब, मागच्या शिटावर बाई हाय. भोकरवाडी फाट्यावर घेतली. दवाखान्यात न्यायची म्हनून गाडीत घातली. आता हालचाल न्हाई तिची."

मी आत चढलो. औषधाच्या वासाने डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या बाकावर पस्तिशीची एक बाई आडवी होती, लुगडं ओलंचिंब, तोंडाला फेस. तिचं डोकं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती आणि पदराने फेस पुसत होती. फेस येणं कधीच थांबलेलं होतं, तरी ती पुसतच होती.

मेलेली बाई म्हणजे भोकरवाडीची सगुणाबाई. म्हातारी तिची आई, केशरबाई. दोघी माणिकरावांच्या कापसात खुरपायला गेल्या होत्या, म्हातारी दूरच्या टोकाला, आणि वरून विमानाने औषध फवारलं.

साल चौऱ्याहत्तर. त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला म्हणून सरकारने विमानं लावली होती. त्यासाठी जिल्ह्यात दोन माळ सपाट करून धावपट्ट्या केल्या होत्या, एक जिंतूरकडे चारठाण्याला, दुसरी इकडे राणीसावरगावला. लोक त्यांना ऐटीत विमानतळ म्हणत. एक पत्र्याची शेड, पिंपांची रांग आणि बांबूवर फडकणारं कापड, एवढाच तो विमानतळ.

संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी झाल्या. फौजदारांनी सगुणाबाईच्या नवऱ्याला, लिंबाजीला, खुनाच्या आरोपाखाली धरलं. आणि माणिकरावांनी गावभर सांगितलं की एसटी उशिरा आली म्हणून बाई मेली.

पहिल्या गोष्टीशी माझा काही संबंध नव्हता. मी दुसरीसाठी पेटलो. हे मी कबूल करून टाकतो.

२

"बसा कंट्रोलर," फौजदार म्हणाले. "तुमची गाडी उशिरा होती का नव्हती, याने काही बिघडत नाही. खून नवऱ्यानेच केलाय."

हे फौजदार घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी टेबलावर एक कागद सरकवला. विमानाच्या कार्यक्रमाची ती नक्कल होती. त्या दिवशी विमान चारठाण्याचं काम संपवून राणीसावरगावला मुक्काम हलवणार होतं, दोन धावपट्ट्यांमधली त्याची ही पहिलीच फेरी. टाकी भरून निघायचं आणि उतरण्याआधी, धावपट्टीच्या अलीकडे चार किलोमीटरवर, माणिकरावांचा कापूस फवारायचा. कागदावर लिहिलं होतं: चारठाण्याहून उड्डाण आठ वाजता. भोकरवाडीवर फवारणी आठ-पन्नास. साडेआठला झेंडा रोवणे. आठ-चाळीसनंतर शेतात माणूस-जनावर नको.

"वस्तीत घड्याळ नाही कुणाकडे," फौजदार म्हणाले. "म्हणून कोतवालाने दवंडी कशी दिली? आठ-चाळीसची एसटी फाट्यावरून गेली की रान मोकळं करा. बरोबर? आता झेंडेवाला कोण? लिंबाजी. त्याने सकाळी बायकांना जाऊन काय सांगितलं? गाडी जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. मग झेंडा रोवला. विमानवाल्याला झेंडा दिसला की तो फवारतो, खाली कापसात वाकलेली बाई त्याला कशी दिसणार? आणि आदल्या बाजारी याच लिंबाजीने चार लोकांत बायकोला म्हटलंय, तूच मर की मग."

"गाडी वेळेवर होती," मी म्हणालो.

"नसणार. कागदावर विमान आठ-पन्नासचं आहे. गाडी आठ-चाळीसला गेली असती तर बायका दहा मिनिटं आधीच बाहेर पडल्या असत्या."

"फाट्यापासून स्टँड पंचवीस मिनिटांवर आहे. गाडी नऊ-सहाला माझ्या डोळ्यांदेखत आली. फाट्यावरून ती आठ-एक्केचाळीसला निघाली. त्या आधीच बाई पडलेली होती."

फौजदार हसले. "एसटीच्या वेळा मला सांगता?"

एवढी वर्षं असली हसणी ऐकून कान किटलेत. पण त्या दिवशी ते जिव्हारी लागलं. मी उठलो तेव्हा बाहेरच्या बाकावर केशरबाई बसलेली दिसली. तिने जावयाविरुद्ध जबाबावर अंगठा दिला होता. शाई अजून बोटाला होती.

"लेकीचं लगीन म्याच लावलं हुतं त्याच्याशी," ती म्हणाली. "मारायसाठी लावलं व्हय म्या?"

गाडी वेळेवर होती तर विमान आधी आलं, आणि विमान आधी आलं तर लिंबाजीने काय केलं, हा प्रश्न उरतोच. तो त्या बाकापासून माझ्या मागे लागला.

३

दुसऱ्या दिवशी रजा टाकून भोकरवाडीला गेलो. सगुणाबाईच्या शेजारच्या ओळीत खुरपणारी धुरपताबाई वस्तीच्या तोंडाशी भेटली. तिचे हात अजून लाल होते.

"आमी म्हनलं सगुणे, आवाज यायलाय बग, इमान हाय का काय. तर ती म्हनली, बसा गप, अजून गाडी गेली न्हाई. आन् तेवढ्यात डोक्यावर आलंच की ते."

"लिंबाजी कुठं होता?"

"सकाळी यिऊन सांगून गेला, गाडी जाईस्तोवर उटू नका, माणिकराव अर्दा रोज कापतेत. मंग झेंडा घिऊन बांदाकडं गेला."

"आणि विमान आलं तेव्हा?"

तिने हात पदरात गुंडाळले. "वरडायला हुता. काय वरडला ते कळलं न्हाई. आवाज केवढा त्या इमानाचा!"

माणिकराव ओसरीवर पान जमवत बसले होते. मोठे जमीनदार, तोंडाने गोड. "आमी काय केलं, रंगनाथराव? दवंडी दिली, झेंडेवाला लावला. घरच्या घड्याळात सव्वाआठ बघून लिंबाजीला आमीच धाडलं. कायद्यानं समदं केलं."

"ज्या दिवशी विष पडणार त्या सकाळी बायका रानात कशाला लावल्या?"

"तण थांबतंय व्हय इमानासाठी?" त्यांनी कात टाकला. "आठ-चाळीसपस्तोर मोकळीक हुती. तेवढं काम हुईल म्हनलं."

त्यांना शिव्या द्याव्यात असं वाटलं. दिल्या नाहीत, कारण त्यांच्या ओसरीवर बसून त्यांचा चहा पीत होतो. माणूस आपली लायकी अशीच दाखवतो.

मग मी एकटाच शेतात गेलो. कापूस छातीएवढा, पानं करपलेली. झेंडा अजून पूर्वेच्या बांधावर होता, दगड लावून नीट रोवलेला. कोतवालाने मला दुसरी जागा दाखवली, जिथे लिंबाजी बेशुद्ध सापडला होता. मी पावलं मोजली. झेंड्यापासून दोनशे दहा पावलं आत, आणि सगुणाबाई पडली तिथून जेमतेम आठ पावलं अलीकडे. मधली झाडं एका सरळ रेषेत मोडलेली होती.

बायकोला मारायचं म्हणून झेंडा रोवणारा माणूस बांधावर उभा राहतो. हा झेंडा सोडून विषाच्या पावसात धावत शिरला होता.

म्हणजे विमान इतक्यात येणार नाही असंच लिंबाजीलाही वाटत होतं. कागदाने सांगितलं होतं तसंच. मग खोटं कोण बोललं, कागद की विमान?

४

राणीसावरगावच्या माळावर विमानाचा कप्तान पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर पडून होता. पंजाबकडचा, तिशीचा, डोळे सुजलेले. फवारणी बंद होती आणि बाटली उघडी. आमचं बोलणं हिंदीत झालं, माझी हिंदी म्हणजे निजामाच्या काळची उरलीसुरली दखनी.

मी विचारलं, "आठच्या आधी निघालात का?"

त्याने नोंदवही माझ्या अंगावर फेकली. उड्डाण बरोबर आठ. चारठाण्याच्या रखवालदाराची सही होती. उतरणं आठ-त्रेचाळीस, फवारणीच्या फेऱ्या धरून.

"मग तुम्ही विमान जोरात आणलंत."

तो उठून बसला. "भरल्या टाकीने जोरात? बाबूजी, हे विमान ताशी एकशे साठच्या वर ढकललं तर मीच कापसात पडेन. पस्तीस मिनिटं लागतात. वारा असो नसो, पस्तीस."

"कागदावर पन्नास आहेत."

"कुठल्या कागदावर?"

त्याच्या उशाशी तोच कार्यक्रम घडी करून पडला होता. मराठीतला. त्याने तो कधी उघडलाच नव्हता. शेत कोणतं ते त्याला नकाशावर खूण करून दिलं होतं आणि आठला निघ एवढंच सांगितलं होतं. त्याने नकाशा पसरला, दोन धावपट्ट्यांवर फूटपट्टी ठेवली आणि बोटाने रेघ ओढली. वरून सरळ. ब्याण्णव किलोमीटर.

"मला पस्तीस मिनिटांनी झेंडा दिसला," तो म्हणाला. "झेंडा म्हणजे शेत रिकामं. हे मला शिकवलंय. मी खाली काय बघणार होतो? सांगा ना, काय बघणार होतो?"

साडेआठला रोवलेला झेंडा आणि आठ-पस्तीसला आलेलं विमान. लिंबाजी झेंडा रोवून बायकांना उठवायच्या वेळेची वाट बघत असणार. त्याच्या आधी डोक्यावर आवाज आला.

मी कप्तानाकडचा कागद हातात घेतला. ही मूळ प्रत असावी, कारण समासात पेन्सिलीने कुणीतरी भागाकार केलेला होता. एकशे बत्तीस भागिले एकशे साठ. उत्तर पन्नास मिनिटं.

एकशे साठ म्हणजे विमानाचा वेग. आणि एकशे बत्तीस?

तो आकडा नकाशावर कुठे नाही. तो कुठल्याही पट्टीने निघत नाही. चारठाणा ते जिंतूर एकवीस, जिंतूर ते परभणी चव्वेचाळीस, परभणी ते गंगाखेड त्रेचाळीस, तिथून राणीसावरगाव चोवीस. बेरीज करून बघा. तो एसटीच्या रस्त्याचा आकडा होता. विमान वरून सरळ येणार होतं आणि त्याची वेळ कुणीतरी परभणीला वळसा घालून काढली होती.

५

चारठाण्याच्या माळावरचा कारकून किशनराव जिंतूरचाच. सरळ माणूस, अक्षर मोत्यासारखं. मी कागद पुढे केला तेव्हा त्याने तो लगेच ओळखला.

"माझाच हाय. का हो?"

"पन्नास मिनिटं कुठून आणलीत?"

"हिशेब केला की. कप्तानाला मराठी कळंना, मला त्याची भाषा कळंना. वेग इमानावरच्या पाटीवर लिवलेला हुता. अंतर तेवढं काढायचं हुतं."

"विमान रस्त्याने जातं का, किशनराव?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग शेडच्या दारातून त्या मोकळ्या माळाकडे, जिथून विमान उडालं होतं. त्याला कळायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. त्याने कागद टेबलावर पालथा ठेवला.

"म्या जिंदगीत कंदी इमानात बसलो न्हाई साहेब. अंतर म्हंजी अंतर. चारठाणा ते राणीसावरगाव म्हनल्यावर जेवढं हाय तेवढं."

"ते मान्य. पण एकशे बत्तीस तुम्हाला सांगितलं कुणी? इथे तर कुणाला तिकडचा रस्ता ठाऊक नाही."

"फोन केला हुता की, जिंतूरवरून."

"कुणाला?"

त्याने नवलाने माझ्याकडे पाहिलं. "असं काय करता साहेब? तुमालाच."

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"म्या म्हनलं, चारठाण्याहून राणीसावरगाव किती पडतंय. तुमी तक्ता बी बघितला न्हाई. झटक्यात म्हनलात, एकशे बत्तीस, एक कमी न्हाई एक जास्त न्हाई. म्या लोकांना सांगितलं बी, मानूस असावा तर असा."

मला तो फोन आठवत नाही. आजही आठवत नाही. दिवसाकाठी वीस जण अंतर विचारतात आणि मी वीस जणांना तोंडपाठ सांगतो. त्यात माझी फार मोठी मिजास असते. तुम्हाला कशासाठी हवंय, हे मी आयुष्यात एकालाही विचारलेलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी येताना मनात म्हणत होतो. आता चोर शोधायला आलेला माणूस चोराच्या खुर्चीवर बसला होता. खरं तर चोरही नव्हता. एक बरोबर आकडा होता आणि एक बरोबर भागाकार.

"माझी नोकरी जाईल व्हय?" किशनरावने विचारलं. त्याला तीन मुली होत्या.

६

मी जबाब लिहून दिला. कुणी मागितला नव्हता. फोन मी घेतला, आकडा मी दिला, तो सडकेचा होता, विमान पंधरा मिनिटं आधी पोचलं, झेंडा रोवणाऱ्याला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. किशनरावचं नाव टाकावं लागलं. त्या नावावाचून लिंबाजी सुटत नव्हता. कप्तानाने नोंदवही आणि नकाशा दिला.

फौजदारांनी तीनदा वाचलं. "म्हणजे गुन्हेगार कोण?" त्यांनी विचारलं. माझ्यावर हसायचं ते विसरून गेले होते.

"ते मला सांगता येत नाही."

"पण सासूचा जबाब आहे. भांडणाचा. ती मागे घेत असेल तर बघतो."

म्हणून केशरबाईला बोलावून घेतलं. ती भिंतीला टेकून खाली बसली, खुर्ची घेतली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. सडक कशी वळसे घेते, वरून रेघ कशी सरळ जाते. बोटाने फरशीवर काढून दाखवलं. तिला कळत होतं. माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"बाजारात ती त्याला काय म्हनली हुती, ठावं हाय का?" ती म्हणाली. "झेंड्याच्या कामाला जाऊ नगं, औषदानं मरशील. मंग तो म्हनला, मी कशाला मरतो, तूच मर की मग. नवरा-बायकूचं बोलनं. म्या जबाबात अर्दंच सांगितलं. पुढलंच सांगितलं."

"आता पूर्ण सांगाल का?"

ती फरशीवरच्या रेघेकडे बघत बसली. तिथे रेघ नव्हतीच, माझं बोट फक्त फिरलं होतं.

"म्हंजी माज्या लेकीला कुनीच मारलं न्हाई?"

"आकडा माझा होता, मावशी. मला बोला. काय बोलायचं ते मला बोला."

तिने मान वर केली. त्या डोळ्यांत राग असता तर मी तो पदरात घेतला असता. राग शोधून शोधून ती थकली होती.

"तुमाला काय बोलू? तुमी तर बराबर सांगितलं हुतं."

फौजदारांनी नवा कागद पुढे केला. केशरबाईने उठून अंगठा उमटवला आणि बोट लुगड्याला पुसलं. "सोडा त्याला," ती म्हणाली. "पर गाडी जाईस्तोवर उटू नका, हे त्यानंच सांगितलं हुतं. माज्या दारात यिऊ नगं म्हनावं."

"त्याला ठाऊक नव्हतं, मावशी."

"ठावं हाय मला. तरीबी यिऊ नगं."

शिपायाने लिंबाजीला आतून आणलं. डोळ्यांवर पट्टी होती, दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता की एका डोळ्याची आशा नाही आणि दुसऱ्याचं सांगता येत नाही. तो दारात उभा राहून हाताने चौकट चाचपत होता. मी जाऊन त्याचा दंड धरला.

"सुटलास लिंबाजी," मी म्हणालो. "सगळं कळलं. तुझी चूक नव्हती."

तो डोकं जरा तिरकं करून खोलीचा कानोसा घेत राहिला.

"मामी हायत व्हय हितं?" त्याने हळूच विचारलं.

केशरबाई दोन हात अंतरावर उभी होती. तिने पदर तोंडात धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

"गेल्या," मी म्हणालो.

तेव्हा लिंबाजी खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. तोवर तो सासूसमोर रडायचं नाही म्हणून थांबलेला होता. केशरबाई भिंतीला टेकून उभीच राहिली, श्वास धरून, त्याचं रडणं संपेपर्यंत. ते लवकर संपलं नाही.